बर्फाच्या पोटांतील दगा

गोदाकांठच्या धर्माबाद भागांत कडक ऊन आणि मिरचीच्या पेठेचा ठसका सर्वांच्या ओळखीचा. बर्फ मात्र सरबताच्या पेल्यांत दिसेल तेवढेंच. तथापि मराठवाड्यांतील तरुण सैन्यांत भरती होऊन काश्मीरच्या सीमेवर जातात, आणि मग तेथील हिम हा इकडच्या घरांतहि चिंतेचा विषय होतो.

जानेवारी २०१७ मध्यें काश्मीरांत अतोनात हिमवर्षाव झाला. गुरेझ भागांत हिमप्रपात होऊन जवान गाडले गेले. माछिल भागांत वाट खचून पांच जवान बर्फाखालीं सांपडले. त्यांना जिवंत बाहेर काढण्यांत आलें; परंतु हवा बिघडल्यामुळें त्यांना तांतडीनें हलवितां आलें नाहीं. ३० जानेवारी रोजीं श्रीनगरच्या लष्करी रुग्णालयांत ते पांचहि जण निवर्तले. त्यांत परभणी जिल्ह्यांतील एक जवान होता.

हिमवर्षाव थांबून ऊन पडलें, कीं धोका टळला, अशी पुष्कळांची समजूत असते. ती बरोबर नव्हे. डोंगरावरील हिम एकजीव नसतें; प्रत्येक वर्षावाचा निराळा थर बसतो. थर पातळ आणि थंडी कडक असली, म्हणजे खालची ऊब व वरचा गारठा यांच्या फरकानें तळाचें हिम साखरेसारखें दाणेदार व सुटें होतें. त्यावर नवा जड थर चढला, कीं उतरत्या जागीं पसरलेल्या ज्वारीवर फळी ठेवावी, तशी स्थिति होते. ३० ते ४५ अंशांच्या उतारावर एका माणसाचें ओझेंहि ती फळी निसटण्यास पुरतें. म्हणजे पुष्कळदां पाऊल टाकणाराच प्रपातास कारण होतो.

पायाखालीं ‘धप्प’ असा आवाज होणें, हिमांत लांब भेग धांवणें, जवळच ताजा प्रपात दिसणें, या खुणा दिसतांच मागें फिरावें. असा उतार ओलांडणें भागच पडलें, तर एकेकानें जावें आणि इतरांनीं सुरक्षित जागेवरून नजर ठेवावी. कारण गाडला गेलेला माणूस पहिल्या १५ मिनिटांत निघाला, तर बहुधा वांचतो. अर्ध्या तासानंतर वांचणारे थोडे. दुरून येणारी मदत इतक्या लवकर पोंचत नाहीं. सोबत्याजवळचें फावडें, शोधकाठी आणि ठावठिकाणा कळविणारें यंत्र हींच उपयोगीं पडतात.

चंदीगड येथील संरक्षण संशोधन खात्याची संस्था हिमप्रपाताचे इशारे देते. इशारा ऐकून प्रवाशाला एक दिवस थांबतां येतें. पहाऱ्यावरील जवानाला तें नेहमींच साधत नाहीं. म्हणून काश्मीरांत बर्फ पडल्याची वार्ता येतांच इकडे एखाद्या घरांतील आईच्या हातचें काम थांबतें.