पत्र्याच्या छपराखालची जमीन

सोलापूर, धाराशिव, लातूर या बाजूने जाणाऱ्या हमरस्त्यांच्या दुतर्फा गेल्या काही वर्षांत मालमोटारींच्या दुरुस्तीची जी मोठमोठी गॅरेजे उभी राहिली आहेत, त्यांच्या मालकांशी बांधकामापूर्वी बोलण्याचा प्रसंग आला, तर बहुतेकांच्या तोंडून एक वाक्य हमखास ऐकू येते: ‘पत्र्याची तर शेड आहे, तिला एवढा पाया कशाला?’ तीन मजली इमारतीला खोल पाया हवा, हे सर्वांना पटते; परंतु लोखंडी खांब, कैच्या आणि वर अर्धा मिलिमीटर जाडीचा पत्रा एवढाच ज्या वास्तूचा संसार, तिच्यासाठी जमिनीत पैसे पुरणे हा त्यांना इंजिनिअरने काढलेला खर्च वाटतो. वस्तुतः काळ्या जमिनीच्या प्रदेशात गोष्ट नेमकी उलटी आहे. येथे जड इमारतीपेक्षा हलक्या इमारतीलाच जमीन अधिक छळते. कारण या जमिनीचा मुख्य दोष इमारत खाली खचवणे हा नसून ती वर उचलणे हा आहे.

दख्खनचा हा काळा थर ज्या बेसाल्ट खडकाच्या झिजेतून उत्पन्न झाला, तो खडक सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याचा. त्याच्या झिजेतून मॉन्टमोरिलोनाइट नावाचे जे मृद्खनिज निर्माण झाले, त्याच्या सूक्ष्म पापुद्र्यांच्या मध्ये पाणी शिरते आणि पापुद्रे एकमेकांपासून दूर सरतात. शेतकऱ्याच्या दृष्टीने हाच या जमिनीचा गुण, कारण पावसाळ्यात प्यायलेले पाणी ती रब्बीच्या ज्वारीपर्यंत धरून ठेवते. गवंड्याच्या दृष्टीने मात्र हाच तिचा अवगुण. वैशाखात मनगट आत जाईल एवढ्या भेगा तिला पडतात, आणि श्रावणात त्याच भेगा मिटून जमीन फुगते. या फुगण्याचा दाब जागेजागी भिन्न असला, तरी दर चौरस मीटरला पाच-दहा टनांपासून वीस टनांच्या पुढेही तो जाऊ शकतो. गॅरेजमधील सहा इंची काँक्रीटच्या फरशीचे वजन दर चौरस मीटरला अवघे ३६० किलो भरते. या दोन आकड्यांचा मुकाबला कोण जिंकणार, हे सांगावयास स्थापत्यशास्त्राची पदवी लागत नाही.

वरून वाऱ्याचीही तीच तऱ्हा. पुण्याच्या परिसरासाठी भारतीय मानकाने मूळ वाऱ्याचा वेग सेकंदाला ३९ मीटर, म्हणजे ताशी सुमारे १४० किलोमीटर, धरला आहे. त्या वेगाच्या वाऱ्याचा दाब चौरस मीटरला ९० किलोंच्या घरात जातो, आणि तो पुष्कळदा छपरावर खाली न दाबता ओढीच्या रूपाने वर खेचणारा असतो. पत्रा, त्याखालच्या पट्ट्या आणि कैच्या यांचे मिळून वजन चौरस मीटरला वीस-पंचवीस किलोंच्या आसपास. अर्थात वळवाच्या वावटळीत शेडचा पाया वजन पेलण्यापेक्षा छप्पर धरून ठेवण्याचेच काम अधिक करतो, ही गोष्ट ध्यानी घेतली म्हणजे ‘पत्र्याची तर शेड’ या वाक्यातील आत्मविश्वास बराच उतरतो.

तेव्हा पहिली तजवीज जमिनीच्या परीक्षेची. भूमिपरीक्षेची कल्पना आपल्याकडे नवी नाही. सहाव्या शतकातील वराहमिहिराने ‘बृहत्संहिते’त हातभर खड्डा खणून त्याच मातीने तो पुन्हा भरावयास सांगितले आहे, माती उरली तर भूमी उत्तम, बरोबर झाली तर मध्यम, कमी पडली तर त्याज्य. शिवाय खड्डा पाण्याने भरून शंभर पावले जाऊन यावे आणि पाणी किती उरले ते पाहावे, असेही त्यात आहे. घट्ट जमीन ओळखण्याची ही युक्ती मार्मिक खरी. परंतु आपल्या काळ्या जमिनीची ढेकळे उकरली की फुलून जागा अधिक व्यापतात, त्यामुळे पहिल्या परीक्षेत ती बहुधा उत्तम ठरेल, आणि पाण्याच्या परीक्षेत भेगाळलेल्या वैशाखात नापास होऊन भाद्रपदात पास होईल. जमिनीची स्थिर घट्टता या परीक्षेत कळते. ऋतूगणिक होणारा तिचा पालट कळत नाही.

तो पालट ओळखण्याची आजची चाचणी इतकी सोपी आहे की ती प्रत्येक मालकाने एकदा प्रयोगशाळेत उभे राहून पाहावी. भट्टीत सुकवून बारीक चाळलेल्या मातीचे १०-१० ग्रॅमचे दोन भाग १०० मिलिलिटरच्या दोन काचनळ्यांत घालतात. एकीत ऊर्ध्वपातित पाणी आणि दुसरीत रॉकेल ओततात. काचेच्या कांडीने ढवळून हवा काढून टाकली की दोन्ही नळ्या २४ तास तशाच ठेवावयाच्या. रॉकेल मातीच्या पापुद्र्यांत शिरत नाही, म्हणून त्या नळीतील माती मुकाट तळाशी बसते. शेजारच्या नळीतील तीच माती चढत चढत वर आलेली असते. रॉकेलात १० मिलिलिटर आणि पाण्यात १७ मिलिलिटर भरली, तर फुगवटा ७० टक्के. हा आकडा ५० च्या पुढे गेला, म्हणजे पायाचा निराळा विचार करणे प्राप्त आहे असे समजावे. मोठ्या गॅरेजच्या एकूण खर्चात या परीक्षेचा खर्च कोठल्या कोपऱ्यात दिसतही नाही. तरीही ती टाळण्याकडेच कल असतो, कारण निकाल प्रतिकूल येईल ही भीती.

कागदपत्रांविषयी थोडक्यात. शेतजमिनीचा अकृषिक वापर, मोजणीची ‘क’ प्रत, हमरस्त्यालगतची बांधकामरेषा, नकाशाची मंजुरी या बाबी १९६६ च्या जमीन महसूल अधिनियमापासून निघून निरनिराळ्या दफ्तरांत फिरतात. त्यांची रीत वेळोवेळी बदलत असल्याने तहसील आणि नगररचना यांच्याकडे प्रत्यक्ष विचारपूस करणे हाच मार्ग. मात्र जुने सातबारा उतारे केवळ मालकी पाहण्यापुरते न चाळता त्यांतील जलसिंचनाच्या साधनांचा रकानाही वाचावा. तेथे एखादी विहीर दाखल असेल आणि आज शेतात ती दिसत नसेल, तर ती कोठे बुजवली याचा छडा गावातील वृद्ध माणसांकडून लावल्यावाचून खांबांची आखणी करू नये. दगडधोंडे, पाचोळा आणि काळी माती टाकून बुजवलेल्या विहिरीच्या तोंडावर खांब आला, तर पुढे त्याला सावरणे कोणाच्याही हाती राहत नाही.

यानंतर जमीन उकरण्याचे काम, आणि माझ्या मते साऱ्या प्रकरणातील मुद्द्याची बाब हीच. उदाहरणादाखल ३० मीटर लांब व २० मीटर रुंद शेड धरू. मुळ्या, धसकटे आणि कुजकट भाग असलेला वरचा वीतभर थर प्रथम काढून बाजूस रचावा. तो शेजारच्या शेताला वा कुंपणालगतच्या झाडांना उपयोगी. त्याखालची काळी माती, जितकी परवडेल तितकी खोल आणि भिंतीच्या बाहेर हात-दोन हात रुंद, उचलून न्यावी. ती वाहून नेण्याचे भाडे वाचवण्यासाठी संध्याकाळी जेसीबीवाला तीच माती पुन्हा कोपऱ्यातील खड्ड्यात लोटतो, तेव्हा जागेवर कोणीतरी जबाबदार माणूस हजर असावा.

भरावासाठी वाळू घालण्याचा रिवाज पुष्कळ दिवस होता आणि अजूनही कोठे कोठे आहे. तथापि फुगणाऱ्या मातीवर वाळूचा थर म्हणजे पाण्याची बंद टाकी, जिच्यातून खालच्या मातीला सावकाश पाणी मिळत राहते. मुंबईच्या आय.आय.टी.तील प्राध्यापक आर. के. कट्टी यांनी प्रयोगांती असे दाखविले की फुगणाऱ्या मातीवर चिकटपणा असलेला परंतु स्वतः न फुगणारा मातीचा सुमारे मीटरभर थर दाबून बसविला, तर खालचा फुगवटा पुष्कळच आवरला जातो. चांगला मुरूम हे काम बजावू शकतो. मूठभर ओला मुरूम दाबून पाहावा: गोळा व्हावा, पण हाताला काळा लगदा चिकटू नये. पिवळसर-तांबूस ढिगाच्या पोटात काळी माती मिसळून आणणारे हायवा काही थोडे नाहीत, म्हणून ढीग वरून न पाहता मधून फोडून पाहावा. आपल्या शेडला मीटरभर थरासाठी ६०० घनमीटर, म्हणजे १०० घनफुटांच्या ब्रासच्या हिशेबाने सुमारे २१२ ब्रास दाबलेला मुरूम लागेल. सुटा मुरूम दबाईत बसतो, तेव्हा मागणी त्याहून बरीच अधिक नोंदवावी लागते. मुरूम गौण खनिजात मोडत असल्याने त्याचे स्वामित्वधन भरल्याच्या आणि वाहतुकीच्या पावत्या मालकाने आपल्याजवळ ठेवाव्यात, नाहीतर खाणवाल्याचा दंड मालकाच्या दारी यावयाचा.

मुरूम पसरणे आणि मुरूम दाबणे या दोन वेगळ्या क्रिया आहेत, हे पटवून देणे कठीण जाते. मीटरभर मुरूम एकदम ओतून त्यावर दिवसभर रोलर फिरविला, तरी दाब वरच्या वीतभर थरापुरताच पोहोचतो. म्हणून सुटा थर २०-२५ सेंटिमीटरांचा, त्यावर टँकरने पाणी, पाणी मुरल्यावर रोलर, आणि मग पुढचा थर. पाणी किती घालावे याला शास्त्र आहे. लॉस एंजेलिसच्या जलपुरवठा खात्यातील इंजिनिअर राल्फ प्रॉक्टर यांनी मातीच्या धरणांचे काम करताना १९३३ साली असे मांडले, की कोरडी माती दाबाला दाद देत नाही, फार ओली मातीही देत नाही, आणि या दोहोंच्या मध्ये प्रत्येक मातीचे स्वतःचे असे एक पाण्याचे प्रमाण असते, ज्यावर ती सर्वाधिक घट्ट बसते. लिटरभर मापाच्या साच्यात तीन थर भरून २.६ किलोच्या हातोड्याने प्रत्येक थराला २५ ठोके, ही त्याची प्रयोगशाळेतील परीक्षा. तेथे मिळालेल्या घनतेच्या निदान ९५ टक्के घनता जागेवर भरली, तरच पुढचा थर टाकू द्यावा. अनुभवी मुकादम रोलरच्या मागे चालून टाचेने ठोकून थर पाहतो, आणि त्याचा अंदाज पुष्कळदा अचूक असतो. तरी तो अंदाजच.

खांबांच्या पायाला मात्र हा भराव पुरेसा नाही. खाली दोन-अडीच मीटरांवर घट्ट मुरूम किंवा खडक लागला, तर पाया सरळ तेथे टेकवावा. आणि न लागला, तर रुरकीच्या सेंट्रल बिल्डिंग रिसर्च इन्स्टिट्यूटने काळ्या जमिनीसाठी विकसित केलेले, तळाशी कांद्यासारखे फुगीर पाइल घालावेत. पाइलच्या दांड्याच्या अडीचपट व्यासाचा हा फुगवटा जमिनीच्या ज्या थरात सहसा ओलावा बदलत नाही तेथे, म्हणजे साडेतीन मीटर वा त्याहून खोल, रुतून बसतो. जमीन वर उचलू लागली तरी तो सुटत नाही, आणि वाऱ्याने छप्पर खेचले तरीही नाही. पाइलांवरून जाणारी तुळई जमिनीला टेकू न देता तिच्याखाली ८ सेंटिमीटरांची पोकळी राखतात, ती फुगणाऱ्या मातीला मोकळी जागा मिळावी म्हणून. ही पोकळी पाहून एखादा उत्साही गवंडी ती विटांच्या तुकड्यांनी भरून टाकतो. तसे झाले की सगळे मुसळ केरात.

आखणीत चूक झाली तर ती लोखंडात दिसते. फक्कीच्या रेघा मारण्यापूर्वी कोपऱ्यांवर दोऱ्या ताणून दोन्ही कर्ण मोजावेत; आपल्या शेडचे कर्ण ३६.०६ मीटर आणि परस्परांशी समान आले पाहिजेत. आखणीच्या बुर्ज्या खोदकामाच्या कक्षेबाहेर बांधाव्यात. खांबाच्या तळपट्टीचे बोल्ट काँक्रीटमध्ये सोडताना ते भोके पाडलेल्या पत्र्याच्या साच्यात घट्ट अडकवून, आट्यांना ग्रीस फासून वर चिंधी गुंडाळतात. काँक्रीट ओतताना व्हायब्रेटरचा धक्का लागून एक बोल्ट बोटभर सरकला, तर कारखान्यातून तयार होऊन आलेला खांब त्यावर बसत नाही.

फरशी खांबांपासून अलग ठेवावी, मधली फट मऊ पट्टीने भरावी, म्हणजे दोघांपैकी एकाने हालचाल केली तरी दुसऱ्याला तडा जात नाही. भरलेल्या मालमोटारीच्या चार टायरांच्या एका अ‍ॅक्सलवर २०१८ पासून कायद्याने ११.५ टनांपर्यंत भार चालतो, आणि जॅक लावला की त्यातला मोठा हिस्सा तळहाताएवढ्या जागेवर येतो. म्हणून जॅकच्या जागी फरशी जाड आणि सळईची हवी. गाडीखाली उतरण्याचा पुरुषभर खोल खड्डा पक्क्या काँक्रीटचा करून त्याच्या एका टोकास पाणी उपसण्याची कुंडी ठेवावी. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असल्याने खड्ड्यात साचते, म्हणून तेथे साधे विजेचे बटण नको.

शेवटी पाणी, कारण वरचा सारा खटाटोप ज्याच्यासाठी केला ते हेच. फरशीखालील जमिनीचे बाष्पीभवन थांबते, त्यामुळे मध्यभागी ओलावा हळूहळू साठतो. कडेची जमीन मात्र उन्हात सुकते आणि पावसात भिजते. मध्य फुगलेला आणि कडा बसलेल्या, अशी फरशी पुष्कळ जुन्या गॅरेजांतून पाहावयास मिळते. त्यावर उपाय म्हणजे कडेचा ओलावा स्थिर राखणे. ६०० चौरस मीटरांच्या छपरावर तासाभरात ५० मिलिमीटर पाऊस झाला, तर ३०,००० लिटर पाणी उतरते. पन्हळी न लावता ते सरळ खांबांच्या पायथ्याशी पडू दिले, तर मुरमाचा सगळा खर्च त्या एका पावसाने गिळलाच म्हणावयाचे. पन्हळी, भिंतीबाहेर दीड-दोन मीटर रुंदीचा बाहेर उतार दिलेला काँक्रीटचा पट्टा आणि नाल्यापर्यंत जाणारे पक्के गटार या तीन गोष्टींचा बंदोबस्त फरशी ओतण्याच्या आधी व्हावा. सावलीसाठी कडुनिंब किंवा निलगिरी भिंतीला लागून लावू नये. मुळ्या त्या बाजूची जमीन शोषून कोरडी करतात.

गाड्या धुण्याचा रॅम्प जागेच्या सखल कोपऱ्यात, खांबांपासून शक्य तितका दूर असावा. त्याचे पाणी तेल वेगळे करणाऱ्या टाकीतून गेल्यावाचून गटारात सोडू नये. इंजिनातून काढलेले जुने तेल २०१६ च्या नियमांनी घातक कचऱ्यात मोडते. ते पिंपांत साठवून अधिकृत पुनर्प्रक्रिया करणाऱ्याकडेच द्यावे लागते. सांडलेले तेल जमिनीत जिरू नये यासाठी भोवती विटेची उंचवट आणि तळाला काँक्रीट असलेली पिंपांची जागा लागेल, आणि ती नकाशातच दाखवून घेतली, तर पुढे फरशी फोडण्याची पाळी येत नाही.