आधी पाकीट वाचा, मग कांडी चोखा!

दोस्तांनो, परीक्षा संपली, दप्तर माळ्यावर गेलं आणि भर दुपारी गल्लीच्या तोंडाशी घंटा वाजली, की तुमचे पाय कुठे वळतात हे काय मी सांगायला हवं? कुणी गोळेवाल्याकडे पळतं, कुणी कुल्फीकडे, तर कुणी कोपऱ्यावरच्या दुकानातल्या फ्रीजकडे.

तुमच्या आईबाबांना विचारून बघा. त्यांच्या लहानपणी प्लॅस्टिकच्या नळीत गोठवलेलं रंगीत सरबत आठ आण्याला मिळायचं. त्याला सगळे 'पेप्सीकोला' म्हणायचे. त्या नावाच्या शीतपेयाशी त्याचा काडीचाही संबंध नसायचा, पण नाव चिकटलं ते चिकटलंच!

आता त्या नळीचं एक नवं भावंड दुकानात दिसतं. फळांच्या रसाची कांडी! बंद नळीत पातळ रस असतो. घरी आणायचा, रात्रभर फ्रीजरमध्ये ठेवायचा, की दुसऱ्या दिवशी कांडी तयार. वर चित्र असं रसरशीत, की बघूनच तोंडाला पाणी सुटावं.

आमच्या घरी या कांड्या आल्या त्या माझ्या भाचीमुळे. ती आठवीत आहे. दर सुट्टीत ती आली, की रात्री जेवणानंतर आइसक्रीम ठरलेलं. यंदा मी वाटी पुढे केली तर म्हणाली, "मला नको, मावशी." आता आइसक्रीमला नको म्हणणारी ही मुलगी नव्हे! खोदून खोदून विचारलं, तेव्हा कळलं. गॅदरिंगच्या वेळी वर्गातल्या कुणीतरी तिला जाडी म्हणून चिडवलं होतं. त्या दिवसापासून बाईसाहेबांनी आइसक्रीम बंद केलं होतं.

दुसऱ्या दिवशी तीच दुकानातून तीन तऱ्हेच्या कांड्या घेऊन आली. म्हणाली, "हे हलकं असतं ना गं? हे मला चालेल?"

मी म्हटलं, "चालेल की नाही, ते त्या चिडवणाऱ्यांना कशाला विचारायचं? आपण पाकिटालाच विचारू." मग काय, आम्ही दोघी कागद-पेन्सिल घेऊन बसलो.

पाकीट काय म्हणालं?

पाकिटाच्या मागे बारीक अक्षरात घटक पदार्थ छापलेले असतात. त्यात एक गंमत आहे बरं का! जो पदार्थ वजनानं सगळ्यात जास्त, त्याचं नाव पहिलं. मग उतरत्या क्रमानं बाकीचे.

पहिल्या पाकिटावर भला मोठा आंबा होता. मागे वाचलं तर पाणी, साखर आणि मग कुठे आंब्याचा गर. दुसऱ्यावर संत्र्याची फोड होती. मागे पाणी, साखर, ३३०, ११० आणि संत्र्याचा स्वाद. म्हणजे संत्रं फक्त चित्रात! तिसऱ्यावर मात्र फळाचा रस पहिल्या नंबरावर होता.

हे आकडे बघून घाबरू नका. ३३० म्हणजे सायट्रिक आम्ल, लिंबातही असतं तेच. ११० हा नारिंगी-पिवळा रंग. त्याला परवानगी आहे, पण तो रंग आहे, फळ नव्हे, एवढं लक्षात ठेवा.

आणि समोरच्या मोठ्या अक्षरांचं काय? आटवलेल्या रसात पुन्हा पाणी घालून विकायच्या रसावर '१०० टक्के फळांचा रस' असं छापलेलं असायचं. देशाच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणानं जून २०२४ मध्ये कंपन्यांना तो दावा काढून टाकायला सांगितलं. म्हणून म्हणते, पाकीट नेहमी पाठीमागून वाचावं!

आता हिशेब मांडू या

१ ग्रॅम साखरेतून सुमारे ४ कॅलरी मिळतात आणि १ ग्रॅम स्निग्धांशातून ९. आपल्याकडे साध्या आइसक्रीममध्ये दुधाचा स्निग्धांश निदान १० टक्के असावा लागतो. म्हणजे १०० ग्रॅममध्ये नुसत्या स्निग्धांशाच्याच ९० कॅलरी. साखर आणि दूध धरलं, की बेरीज २०० च्या आसपास जाते.

रसाच्या कांडीत स्निग्धांश जवळजवळ नसतोच. १०० मिलिलिटर रसात साधारण १० ते १२ ग्रॅम साखर असते. म्हणजे ६० मिलिलिटरची कांडी झाली ६-७ ग्रॅम साखरेची, २५ ते ३० कॅलरींची.

"म्हणजे खरंच हलकी!" भाची टुणकन उडाली. "मग मी चार खाते!"

थांबा, थांबा! जागतिक आरोग्य संघटनेनं २०१५ मध्ये सांगितलंय, की रसातली साखरसुद्धा वरून घातलेल्या साखरेसारखीच मोजायची. दिवसाला २००० कॅलरी खाणाऱ्यानं ही साखर ५० ग्रॅमच्या आत ठेवावी, २५ च्या आत ठेवली तर आणखी बरं. चार कांड्यांत किती झाली? तुम्हीच गुणा. बरं, आइसक्रीममधून दुधातली प्रथिनं आणि कॅल्शियम तरी मिळतं. आख्खं संत्रं खाल्लं तर चोथा पोटात जातो. कांडीत मुख्यतः पाणी आणि साखर. ती हलकी आहे, पौष्टिक नव्हे!

थंडीची चलाखी

आता एक प्रयोग करा. अर्धी कांडी गोठलेली खा, अर्धी वाटीत वितळू द्या आणि मग चाखा. वितळलेला रस जास्त गोड लागेल! जीभ गार पडली की तिला गोडी कमी कळते. म्हणूनच थंड पदार्थांत साखर जरा सढळ हातानं घालतात.

आणि कांडी जोरात चोखली, की रंग नि गोडी आधी येते आणि मागे पांढरा बर्फ उरतो. असं का? पाणी गोठताना त्याचे स्फटिक साखरेला बाहेर ढकलतात. मग गोड पाक स्फटिकांच्या फटींत साठतो आणि आपण तोच आधी ओढून घेतो.

बंद कांडीचा आणखी एक फायदा म्हणजे बर्फ कुठल्या पाण्याचा, ही काळजी नाही. खाण्याचा नसलेला बर्फ ओळखू यावा म्हणून महाराष्ट्रात २०१८ मध्ये तो निळसर करायचा नियम झाला. तेव्हा गोळा खाताना गाडीवरच्या बर्फाकडे एकदा नीट बघा. आणि कांडीची नळी दातांनी फाडू नका, कात्रीनं कापा. नाहीतर ओठाचा कोपरा कापलाच म्हणून समजा!

एका मुलाचा विसरभोळेपणा

गोठवलेल्या कांडीची ही गोष्ट ऐकलीत का? १९०५ साली अमेरिकेत कॅलिफोर्नियातला ११ वर्षांचा फ्रँक एपरसन सरबताचा पेला ढवळायच्या काडीसकट रात्री अंगणात विसरला. कडाक्याच्या थंडीत सरबत गोठलं आणि सकाळी हातात आली काडीवरची कांडी! मोठेपणी, १९२४ मध्ये, त्यानं तिचं पेटंट घेतलं. विसरभोळ्यांनो, तुम्हालाही आशा आहे!

तर आमच्या भाचीचं काय झालं? तिनं तिसरी कांडी निवडली, दुपारची, एकच. उन्हात बरं वाटतं म्हणून. आणि रात्री वाटी स्वतःच पुढे केली. "मावशी, एक चमचा जास्त घाल हं!"

दोस्तांनो, तुमचं वाढीचं वय आहे. हलकं खायचं ते ऊन आहे म्हणून, कुणाच्या चिडवण्यापायी नाही. आणि चिडवणारे तुम्हीच असाल, तर तुमच्या एका शब्दानं कुणाची तरी वाटी रिकामी राहते, हे विसरू नका.

चला, पुढच्या वेळी दुकानात गेलात, की आधी पाकीट उलटं करा. पहिल्या नंबरावर काय दिसतं ते घरी येऊन सगळ्यांना सांगा. सांगाल ना?