पाटी कंपनीची, पोट जहाजाचं

मुंबईहून गोव्याला, लक्षद्वीपला जाणारी कॉर्डेलिया कंपनीची ‘एम्प्रेस’ ही क्रूझ १९९० साली फ्रान्समधल्या सां-नाझेरच्या गोदीत बांधली गेली. तेव्हा तिचं नाव ‘नॉर्डिक एम्प्रेस’ होतं आणि ती रॉयल कॅरिबियनची होती. पुढे ती ‘एम्प्रेस ऑफ द सीज’ झाली, स्पेनच्या पुलमंतूर कंपनीकडे गेली, पुन्हा रॉयल कॅरिबियनकडे आली आणि २०२१पासून मुंबईतून सुटू लागली. सिंगापूरच्या ‘गेंटिंग ड्रीम’चंही असंच. २०१६ साली जर्मनीत बांधलेल्या या जहाजाची मूळ कंपनी २०२२च्या सुरुवातीला दिवाळखोरीत गेली, आणि त्याच वर्षी जूनमध्ये ते ‘रिसॉर्ट्स वर्ल्ड क्रूझेस’ या नव्या पाटीखाली पुन्हा समुद्रात उतरलं. डिस्नीचं सिंगापुरातलं अवाढव्य ‘ॲडव्हेंचर’ तर त्याच जुन्या कंपनीसाठी विस्मारच्या गोदीत अर्धवट बांधून पडलं होतं. डिस्नीनं ते २०२२ साली विकत घेतलं आणि आपल्या पद्धतीनं पूर्ण केलं.

पहिल्यांदाच घरच्या सगळ्यांना घेऊन क्रूझला जायचं ठरलं, की पहिला प्रश्न असतो ‘कुठली कंपनी चांगली?’ मला वाटतं, आधी जहाज बघावं. कंपन्यांची मालकी बदलते, नावं बदलतात, रंग बदलतात. पण मुलांना पळायला किती जागा मिळेल, आजीला रात्री झोप लागेल का, लिफ्टसाठी किती वेळ ताटकळावं लागेल, हे सगळं गोदीत पोलाद कापलं जात असतानाच बरंचसं ठरून गेलेलं असतं.

माहितीपत्रकात कोपऱ्यात एक आकडा असतो, ग्रॉस टनेज. ते जहाजाचं वजन नव्हे. जहाजाच्या आत बंदिस्त जागा किती, याचं ते माप आहे. १९६९च्या आंतरराष्ट्रीय करारात त्याचं सूत्र ठरलं. एम्प्रेसचं ग्रॉस टनेज ४८,५६३ आहे, म्हणजे तिच्या पोटात सुमारे १ लाख ६० हजार घनमीटर पोकळी आहे. मायामीहून २०२४च्या जानेवारीत पहिल्या सफरीवर निघालेल्या ‘आयकॉन ऑफ द सीज’चं २,४८,६६३. तिथे ही पोकळी पावणेआठ लाख घनमीटरांच्याही वर जाते!

आता या आकड्याला प्रवासीसंख्येनं भागा. एका केबिनमध्ये दोघं, असा हिशेब धरला तर एम्प्रेसवर माणशी साधारण ३० येतात, सिंगापूरहून सफरी केलेल्या ‘अँथम ऑफ द सीज’वर ४०, गेंटिंग ड्रीमवर ४५ आणि आयकॉनवर ४४. जगातल्या महाकाय जहाजांपैकी एक असलेल्या आयकॉनवर माणशी जागा गेंटिंग ड्रीमइतकीच! आणि हा हिशेब शाळा चालू असतानाचा. मे महिन्यात आणि दिवाळीत तिसऱ्या-चौथ्या बर्थवर मुलं येतात. आयकॉन ७,६०० माणसांनी पूर्ण भरलं, तर माणशी आकडा ३३च्या खाली उतरतो. म्हणून जहाज किती मोठं हे विचारण्याआधी सफर कुठल्या आठवड्यात आहे ते बघावं.

पण पहिल्यांदा जाणाऱ्यांच्या मनात खरी धास्ती असते ती बोट लागण्याची. इथे जहाजबांधणीतली करामत बघून थक्क व्हायला होतं. वीस मजल्यांचं आयकॉन पाण्याखाली असतं जेमतेम सव्वानऊ मीटर. एवढा डोलारा कलंडत कसा नाही? इंजिनं, इंधनाच्या आणि पाण्याच्या टाक्या, यंत्रसामग्री असं सगळं जड सामान तळाशी असतं. वरचे मजले त्या मानानं हलके, बराचसा भाग तर नुसती हवाच. त्यात जहाजाची रुंदी भरपूर. एका बाजूला झुकलं, की त्या बाजूचा जास्त भाग पाण्यात जातो आणि पाणीच त्याला उलट रेटून सरळ करतं. हा रेटा फार जोरकस ठेवला तर जहाज झटक्यानं सरळ होतं आणि माणसं हैराण होतात. म्हणून प्रवासी जहाजाचे रचनाकार ते मुद्दाम संथ डोलेल, असं बेततात. सुरक्षितपणा आणि सुखावहपणा यांच्यामधला हा तोल मला सगळ्या क्रूझमधली सर्वांत सुंदर गोष्ट वाटते.

त्यावर आणखी एक उपाय असतो. पाण्याच्या पातळीखाली दोन्ही कुशींतून काही मीटर लांबीचे पंख बाहेर येतात. जायरोस्कोपला जहाज झुकू लागल्याचं कळतं आणि पंखांचा कोन क्षणोक्षणी बदलत राहतो. एका बाजूचा पंख जहाजाला वर उचलतो, दुसऱ्या बाजूचा खाली ओढतो. बंदर आलं, की पंख पोटात मिटतात. पी अँड ओ कंपनीच्या ‘चुसान’वर १९५० साली असे पंख बसले, मोठ्या प्रवासी जहाजावर पहिल्यांदाच. आणि हे चुसान मुंबईमार्गे अतिपूर्वेकडे जात असे! पंखांना विमानाच्या पंखांसारखाच वेग लागतो, त्यामुळे जहाज रेंगाळत चाललं की त्यांचा जोर कमी पडतो. शिवाय ते फक्त आडवं डोलणं आवरतात. नाक वर, शेपूट खाली असं जे हेलकावणं असतं, त्यावर त्यांचा इलाज नाही.

त्यावर इलाज आहे तो केबिनच्या जागेत. सी-सॉवर मध्यभागी बसलेल्या मुलाला फारसं वर-खाली व्हावं लागत नाही, तसंच जहाजाच्या मध्यावर आणि खालच्या मजल्यांवर हालचाल सर्वांत कमी जाणवते. गंमत म्हणजे महागड्या केबिनी बहुधा उंचावर असतात. ज्यांना घाटातही गाडी लागते, त्यांना मधल्या भागातली, खालच्या मजल्यावरची केबिन घेऊन द्यावी, पैसेही वाचतील. दोन वर्षांच्या आतल्या बाळांना सहसा बोट लागत नाही, शाळकरी वयातल्या मुलांना सर्वांत जास्त लागते. मळमळू लागलं की उघड्या डेकवर यावं आणि क्षितिजाकडे बघत राहावं. आतला कान सांगतो ‘हलतोय’ आणि केबिनच्या भिंती सांगतात ‘स्थिर आहे’, त्या भांडणातून मळमळ उठते. क्षितिज दिसलं की दोघांचं एकमत होतं.

मुंबईहून जाताना हंगामही बघायलाच हवा. ऑक्टोबर ते मे हा आपल्या किनाऱ्याचा काळ. पावसाळ्यात अरबी समुद्र खवळतो, आणि तेव्हा एम्प्रेससुद्धा चेन्नईहून श्रीलंकेकडच्या सफरी करते.

आता कंपनीकडे वळू, कारण काही गोष्टी तिच्याच हातात असतात. पहिली गोष्ट मुलांच्या वयाची. व्हर्जिन व्हॉयेजेस आणि वायकिंग १८ वर्षांखालच्या कुणालाच घेत नाहीत, म्हणजे ती नावं यादीतून लगेच खोडावीत. रॉयल कॅरिबियनवर बाळ निदान ६ महिन्यांचं असावं लागतं, लांबच्या समुद्रसफरींना १२ महिन्यांचं. तिथला मुलांचा क्लब ३ वर्षांपासून, तोही डायपर सुटलेल्यांसाठी. डिस्नीवर ६ महिन्यांपासूनची पाळणाघरं आहेत, पैसे वेगळे भरून. दुसरी गोष्ट जेवणाची. कॉर्डेलियावर शाकाहारी आणि जैन जेवण रोजच्या व्यवस्थेतच असतं. परदेशी कंपन्यांवरही मिळतं, पण बुकिंगच्या वेळीच कळवून ठेवलेलं बरं. तिसरी गोष्ट टिपची. अमेरिकी कंपन्या ती माणशी, दररोज, साधारण १६ ते २० डॉलर या दरानं बिलातच लावतात, आणि मुलंही मोजली जातात. चौघांच्या चार रात्रींचा हा खर्च आधीच भाड्यात धरावा, म्हणजे स्वस्त वाटलेली सफर खरंच स्वस्त आहे का ते कळतं.

डिस्नीच्या सिंगापूरच्या सफरींत वाटेत एकही बंदर नाही. जहाज हेच गाव. लहान मुलं असतील तर हे फार सोयीचं. आजी-आजोबांना नवा मुलूख बघायचा असेल तर मात्र दुसरी सफर शोधावी.

कोकणातल्या घरांत ‘बोट’ म्हटलं की अजूनही एक नाव निघतं. १७ जुलै १९४७ला भाऊच्या धक्क्यावरून रेवसला निघालेली ‘रामदास’ काश्याच्या खडकाजवळ उलटली आणि सहाशेहून अधिक माणसं गेली. बोटीवर बिनतारी यंत्रणाही नव्हती. ही धास्ती थट्टेवारी नेऊ नये. त्याऐवजी आजीला मस्टर ड्रिलबद्दल, म्हणजे संकटात कुठे जमायचं याच्या कवायतीबद्दल सांगावं. टायटॅनिकनंतर १९१४ साली ‘सोलास’ हा समुद्रसुरक्षेचा करार झाला. जानेवारी २०१२मध्ये इटलीजवळ कोस्टा कॉन्कॉर्डिया खडकावर आपटलं तेव्हा त्याच दिवशी चढलेल्या शेकडो प्रवाशांची कवायत व्हायची राहिली होती. त्यात ३२ जीव गेले आणि सोलासमधला कवायतीचा नियम कडक झाला; आता ही कवायत जहाज सुटण्याआधी किंवा सुटताक्षणी व्हावीच लागते. आपल्या जमण्याच्या ठिकाणाचा क्रमांक केबिनच्या दारामागे लिहिलेला असतो आणि बऱ्याच जहाजांवर तो लहान मुलांच्या मनगटी पट्ट्यावरही असतो. जीवरक्षक जाकीट कसं बांधायचं ते मुलांकडून आजीला दाखवून घ्यावं, दोघांनाही ते पक्कं लक्षात राहतं.

माझं मत विचाराल तर तीन पिढ्या एकत्र जात असतील तेव्हा पहिली सफर मुंबई-गोव्याचीच असावी. एम्प्रेस जुनी आहे, जागाही बेताची आहे, पण दोन-तीन रात्रींत घरातल्या कुणाला समुद्र मानवतो आणि कुणाला नाही ते कळतं, व्हिसाची दगदग नाही आणि जेवण ओळखीचं. मुलं दहा-बारा वर्षांची असतील आणि सगळे धडधाकट असतील तर सरळ सिंगापूर गाठावं. फक्त व्हिसा मल्टिपल एंट्रीचा हवा, कारण जहाज देश सोडून पुन्हा तिथेच परततं. आणि बुकिंग करताना ‘गॅरंटी केबिन’ असं दिसलं तर थांबावं. त्यात केबिन मिळण्याची हमी असते, पण ती कुठली हे कंपनी ठरवते, आणि कधी ती अगदी नाकाशी मिळते. घरात एकालाही गाडी लागत असेल, तर थोडे जास्त पैसे मोजून डेकचा नकाशा समोर ठेवावा आणि मध्यावरचा क्रमांक स्वतः निवडावा.