कांदा काढणी: उन्हात पाणी किती आणि कसं प्यायचं?



चाकण-खेड पट्ट्यात उन्हाळी कांद्याची काढणी जोरात आहे. उन्हात पाणी कमी पडलं की त्रास होतो, हे सगळ्यांना माहीत आहे. पण थोड्या वेळात खूप जास्त साधं पाणी प्यायलं तर तेही जिवावर बेतू शकतं.

*असं का होतं?*
घामातून पाण्याबरोबर मीठ, म्हणजे सोडियमही जातं. मूत्रपिंडं तासाला साधारण 800 मिली ते 1 लिटरच पाणी बाहेर टाकू शकतात. त्याच्या वर पाणी पीत राहिलं की रक्तातलं सोडियम कमी होतं आणि पाणी पेशींत शिरून त्या फुगतात. ताण बसलेल्या टोमॅटोला एकदम भरपूर पाणी दिलं की फळ तडकतं ना? मेंदूला तर फुगायला जागाच नाही, बाहेर कवटी आहे. मेंदूवर दाब येतो.
2002 च्या बोस्टन मॅरेथॉनमध्ये 488 धावपटूंचं रक्त तपासलं, तेव्हा 13 टक्के जणांचं सोडियम कमी निघालं.

*लक्षणं:* डोकेदुखी, मळमळ, उलटी, बरळणं, झटके. उष्माघातातही असंच होतं, म्हणून फरक ओळखत बसू नका. माणूस बरळत असेल तर तोंडात पाणी ओतू नका. सावलीत कुशीवर झोपवा, ओल्या फडक्याने अंग गार करा, 108 ला फोन लावा. किती पाणी प्यायलं होतं ते डॉक्टरांना नक्की सांगा.

*काय करायचं?*
✅ दर 15-20 मिनिटांनी एक पेला पाणी. तासाला 1 लिटरच्या आसपास थांबा.
✅ मधे मीठ घातलेलं ताक किंवा लिंबू सरबत घ्या. न्याहारी चुकवू नका. रात्रपाळी करून थेट रानात येणाऱ्या पोरांनी तर आधी दोन घास खावेत.
✅ ओआरएसचं अख्खं पाकीट 1 लिटर पाण्यात. पाकीट नसेल तर 1 लिटरला साखर 6 सपाट चमचे, मीठ अर्धा चमचा. नुसतं मीठ फाकू नका.
✅ बीपी, हृदय, मूत्रपिंडाचा त्रास किंवा लघवीची गोळी चालू असेल तर आधी डॉक्टरांना विचारा.

पाणी कमी प्या असं अजिबात म्हणणं नाही. थोडं थोडं प्या, सोबत मीठ जाऊ द्या. हा मेसेज मजुरांच्या मुकादमालाही पाठवा.

– आपला कृषी सल्लागार