हळकुंडाचे वजन येते कुठून?

हिंगोली जिल्ह्यात, विशेषतः वसमत तालुक्यात, पावसाळ्याच्या तोंडावर हळदीचे बेणे जमिनीत जाते. आठ-नऊ महिन्यांनी तिथूनच हळकुंडांनी लगडलेला गड्डा निघतो, बेण्याच्या कितीतरी पट वजनाचा. हे वजन आले कुठून? मातीतून म्हणावे, तर काढणीनंतर शेतात दरवर्षी तेवढाच खड्डा पडायला हवा होता.

फान हेल्मोंट या युरोपीय शास्त्रज्ञाने हे तपासून पाहिले. सुमारे ९० किलो कोरडी माती तोलून घेऊन त्याने तिच्यात विलो नावाच्या झाडाचे रोप लावले आणि पाच वर्षे त्याला नुसते पाणी घातले. झाड जवळजवळ ७५ किलोने वाढले. माती घटली जेमतेम ६० ग्रॅम. सगळी वाढ पाण्यामुळे झाली, असे त्याने ठरवले. १६४८ मध्ये प्रसिद्ध झालेले हे उत्तर अर्धेच बरोबर होते, कारण हवा त्याच्या हिशेबातून सुटली होती.

आता हळदीच्या एका पानात काय चालते ते क्रमाने पाहू.

मुळांनी शोषलेले पाणी जलवाहिन्यांमधून पानापर्यंत चढते. पानावर, मुख्यतः खालच्या बाजूला, डोळ्यांना न दिसणारी पर्णरंध्रे असतात. त्यांतून हवा आत येते. हवेच्या दहा हजार रेणूंत कार्बन डायऑक्साइडचे रेणू चारच्या आसपास असतात. पानाला हवे असतात ते हेच.

पानाच्या पेशींत हरितलवके असतात आणि त्यांत हरितद्रव्य. ते सूर्यप्रकाशातला तांबडा आणि निळा भाग जास्त शोषते. हिरवा भाग त्या मानाने कमी शोषला जातो, म्हणून पान आपल्याला हिरवे दिसते.

पुढचे काम दोन टप्प्यांत होते. पहिल्या टप्प्यात शोषलेल्या प्रकाशाच्या ऊर्जेने पाण्याचे रेणू फुटतात. त्यातला ऑक्सिजन पर्णरंध्रांतून बाहेर पडतो आणि ऊर्जा काही खास रेणूंत साठते. चार्ज केलेल्या सेलमध्ये साठते तशी. दुसऱ्या टप्प्यात हीच ऊर्जा खर्चून कार्बन डायऑक्साइडपासून शर्करा तयार होते. या टप्प्याच्या पायऱ्या मेल्विन कॅल्विन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी उलगडल्या; त्यासाठी कॅल्विन यांना १९६१ चे नोबेल पारितोषिक मिळाले. गोळाबेरीज अशी: कार्बन डायऑक्साइडचे ६ रेणू आणि पाण्याचे ६ रेणू वापरले जातात, ग्लुकोजचा १ आणि ऑक्सिजनचे ६ रेणू मिळतात.

तयार झालेल्या शर्करेतली काही पान स्वतः वापरते. उरलेली रसवाहिन्यांमधून खाली गड्ड्यात जाते आणि तिथे स्टार्च होऊन साठते. हळद शिजवताना फुगतो तो हाच स्टार्च. म्हणजे वाळलेल्या हळकुंडाच्या वजनाचा फार मोठा भाग हवेतून आणि पाण्यातून आलेला असतो.

मग खत कशाला? हरितद्रव्याच्या प्रत्येक रेणूत मॅग्नेशियमचा १ आणि नायट्रोजनचे ४ अणू असतात. ते मातीतूनच मिळतात. खत हे झाडाचे अन्न नव्हे. अन्न तयार करणारी यंत्रणा उभी करायला लागणारे सामान आहे.

प्रकाश खरोखरच लागतो का, हे शिक्षकांच्या मदतीने पाहता येईल. कुंडीतली जास्वंद दोन दिवस अंधारात ठेवा. मग एका पानाच्या मधल्या भागावर दोन्ही बाजूंनी काळा कागद लावून कुंडी दिवसभर उन्हात ठेवा. ते पान खुडून पाण्यात उकळा. नंतर गरम पाण्याच्या भांड्यात ठेवलेल्या स्पिरिटमध्ये त्याचा हिरवा रंग काढा. स्पिरिट पेट घेते, म्हणून ते ज्योतीजवळ नेऊ नका. पान धुऊन त्यावर आयोडीन टाका. उघडा भाग काळा-निळा होईल, झाकलेला होणार नाही. कारण तिथे स्टार्च तयारच झाला नाही.

हळदीवर करपा आला की शेतकरी का धास्तावतो, हेही आता कळेल. रोग पानांवर पडतो, पण जेवढे पान करपले तेवढी शर्करा कमी बनते आणि जमिनीखालचे हळकुंड बारीक राहते.