संगणकावरील चालू सेवांची स्थिती : जतन आणि पुनःस्थापना

आपल्या बहुतेक पेढ्यांचा जमाखर्च आता चोपडीतून संगणकात गेला आहे. बिले, मालाचा साठा, उधारी, कराची विवरणपत्रे ही कामे संगणकावर अखंड चालणाऱ्या काही कार्यक्रमांकडून होतात. मागणी येताच उत्तर देण्यासाठी सतत जागे असणाऱ्या अशा कार्यक्रमांना ‘सेवा’ म्हणतात. वीज गेली किंवा दुरुस्तीसाठी यंत्र बंद करावे लागले, तर या सेवा जेथे थांबल्या तेथूनच पुन्हा सुरू होतील काय, हा प्रश्न प्रत्येक व्यापाऱ्याच्या हिताचा आहे. प्रस्तुत लेखात त्याचा थोडक्यात विचार करावयाचा आहे.

चालू सेवेची स्थिती दोन ठिकाणी असते. एक भाग डिस्कवर लिहिलेला असतो. दुसरा भाग रॅम या तात्पुरत्या स्मृतीत असतो : अर्धवट झालेली आकडेमोड, उघड्या फाइली, दुसऱ्या यंत्राशी चाललेला संपर्क. वीज जाताच रॅममधील सर्व काही नाहीसे होते. म्हणून स्थिती जतन करणे म्हणजे रॅममध्ये जे मोलाचे आहे ते वेळीच डिस्कवर उतरविणे होय.

याचा एक मार्ग म्हणजे चालू कार्य क्षणभर गोठवून त्याची संपूर्ण प्रतिमा लिहून ठेवणे. ही कल्पना जुनी आहे. १९६४ साली जाहीर झालेल्या आयबीएमच्या सिस्टम/३६० या यंत्रमालेवर तासन्‌तास चालणारी कामे मध्येच बिघडली, तर ती आरंभापासून न करता नोंदविलेल्या टप्प्यापासून पुढे नेण्याची सोय होती. या टप्प्यास ‘चेकपॉइंट’ म्हणतात. लिनक्स प्रणालीसाठी २०११ मध्ये सुरू झालेला ‘क्रियू’ हा प्रकल्प हेच कार्य करतो. चालू कार्य गोठवून त्याची स्मृती, उघड्या फाइली आणि जोडण्या तो फाइलींत उतरवितो आणि पुढे त्यांवरून तेच कार्य त्याच क्रमांकाने पुन्हा उभे करतो.

दुसरा मार्ग आपल्या परिचयाचा आहे. दिवाणजी व्यवहार प्रथम रोजकीर्दीत लिहितात आणि सवडीने त्याची खतावणी करतात. खतावणी अपुरी राहिली तरी कीर्द शाबूत असल्यास हिशेब पुरा करता येतो. पोस्टग्रेस यांसारखे डेटाबेस हाच नियम पाळतात. प्रत्येक बदल प्रथम एका नोंदवहीत लिहिला जातो आणि ती नोंद डिस्कवर पोहोचल्यावरच ‘व्यवहार पूर्ण’ असे उत्तर मिळते. मूळ पाने मागाहून बदलतात. मधूनमधून, पोस्टग्रेसमध्ये मुळातल्या मांडणीप्रमाणे निदान दर ५ मिनिटांनी, चेकपॉइंट घेतला जातो; म्हणजे तोपर्यंतची खतावणी पुरी केली जाते. वीज जाऊन परत आली की डेटाबेस शेवटच्या चेकपॉइंटपासूनच्या नोंदी वाचून पाने दुरुस्त करतो. तथापि, डिस्कने ‘लिहिले’ असे सांगूनही मजकूर प्रत्यक्षात आपल्या तात्पुरत्या साठ्यातच ठेवला असेल, तर ही हमी व्यर्थ ठरते.

डेटाबेस चालू असताना त्याच्या फाइलींची साधी नक्कल करणे धोक्याचे असते. कोणी लिहीत असलेल्या चोपडीची पाने एकेक करून उतरवून घेतली, तर एका पानावर नावे पडलेली रक्कम दिसेल, पण तिची जमा दिसणार नाही. सर्व पाने एकाच क्षणाची असणे आवश्यक आहे. त्यासाठी सेवा रीतसर थांबवावी, अथवा डेटाबेसचे स्वतःचे प्रत घेण्याचे साधन वापरावे.

दुरुस्तीपूर्वी कोणत्या सेवा चालू होत्या, याची यादी करून ठेवणे हेही स्थिती जतन करण्याचेच काम आहे. सेवा आता चालू आहे काय आणि यंत्र सुरू होताच ती आपोआप सुरू होणार आहे काय, या दोन निरनिराळ्या गोष्टी आहेत. दोन्ही टिपून ठेवाव्यात. हाताने सुरू केलेली सेवा आज उत्तम चालते आणि यंत्र बंद करून सुरू केल्यावर मात्र उठत नाही, असे घडते ते यामुळेच. पुन्हा सुरू करताना प्रथम डेटाबेस, नंतर हिशेबाचा कार्यक्रम आणि शेवटी ग्राहकांसाठी उघडे असणारे द्वार, असा क्रम ठेवावा. बंद करताना तो उलटा करावा.

आता सर्वांत महत्त्वाची गोष्ट. जतन केलेली स्थिती परत आणली म्हणजे आपले यंत्र मागे जाते. बाहेरचे जग मागे जात नाही. समजा, सकाळी प्रत घेतली तेव्हा शेवटचे बीजक १०० क्रमांकाचे होते. दुपारपर्यंत १४० बीजके झाली, यंत्र बिघडले आणि सकाळची प्रत परत चढविली. कार्यक्रम आता पुढचे बीजक १०१ म्हणून काढील. परंतु १०१ ते १४० ग्राहकांच्या हाती गेलेली आहेत. ई-इनव्हॉइसचा नियम लागू असलेल्या पेढीच्या बाबतीत, आणि १ ऑगस्ट २०२३ पासून ५ कोटी रुपयांहून अधिक उलाढालीच्या पेढ्यांना तो लागू झाला आहे, त्यांची सरकारी पोर्टलवर नोंदही झालेली असते. एकाच आर्थिक वर्षात तोच बीजक क्रमांक पोर्टल पुन्हा स्वीकारीत नाही. पोर्टलचे बंधन नसलेल्या पेढीत तर हा घोटाळा वर्षअखेरपर्यंत उमगतही नाही.

यास्तव प्रत चढविल्यावर लगेच बिले काढू नयेत. पोर्टल, बँकेचा उतारा आणि छापील बिलांच्या स्थळप्रती यांच्याशी ताळा पाहावा, मधले व्यवहार मूळ क्रमांकांनीच भरावेत आणि मगच काम खुले करावे. तसेच कधीही परत चढवून न पाहिलेल्या प्रतीवर विसंबू नये. वर्षातून निदान दोनदा, दुकान बंद असताना, दुसऱ्या यंत्रावर प्रत चढवून शिल्लक जुळते की नाही हे पाहावे. संगणकाची देखभाल करणाऱ्या गृहस्थांकडून हे काम मालकाने आपल्यासमक्ष करवून घ्यावे आणि त्याची तारीख लिहून ठेवावी.