शरदातले सीमोल्लंघन

दसऱ्याच्या संध्याकाळी गावाची शीव ओलांडून यायचे, आपट्याची पाने लुटायची आणि घरी येऊन ओवाळून घ्यायचे, ही आपल्याकडची जुनी चाल. आज गावाची शीव नेमकी कोठे आहे हे पुष्कळांना सांगता येणार नाही. तरी चाल टिकून आहे. ती पडली कशी, याचे उत्तर पोथीत शोधण्याआधी आभाळात आणि जमिनीवर शोधावे. पावसाळ्यात नद्या दुथडी भरून वाहत. पूल नव्हते, वाटा चिखलात बुडालेल्या. भीमा, घोड, मुळामुठा यांच्या मधल्या आपल्या मुलखात पलीकडच्या तीरावरच्या सोयऱ्याची खबरसुद्धा पूर उतरल्यावर कळायची. मराठ्यांच्या फौजा पावसाळा छावणीत काढीत आणि दसरा झाला की मोहिमेला निघत. पाणी ओसरले, वाट वाळली, घोड्याला गवत आणि माणसाला दाणा वाटेत मिळू लागला, की निघायचे. सीमोल्लंघनाचा मुहूर्त पंचांगात बसला तो मागाहून. आधी तो रानात उगवला.

आजचा आपला विषय आहे शरद ऋतूतला प्रवास आणि त्या ऋतूतले सण, आपले आणि युरोपातले. हल्ली शिरूर-दौंडकडच्या घरांतूनही कोणाचा मुलगा जर्मनीत नोकरीला असतो, कोणाची मुलगी इंग्लंडात शिकत असते. आईवडील दिवाळीच्या आगेमागे तिकडे जाऊन येतात. 'त्या दिवसांत तिकडे काय पाहण्यासारखे असते हो?' असे मला पुष्कळजण विचारतात. राजवाडे, चित्रसंग्रह, देवळे तर बारा महिने आहेतच. परंतु शरदात म्हणून जे पाहायचे, ते एकाच प्रश्नाने सापडते : या दिवसांत तिथली जमीन काय काम करीत आहे? सण त्या कामाच्या मागोमाग येतात, आणि प्रवासी त्या सणांच्या मागोमाग.

ही गोष्ट आधी घरातच पारखून पाहू. शिरूर आणि दौंड हे पर्जन्यछायेतले तालुके. लोणावळ्याला वर्षाकाठी चार हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो. तिथून पूर्वेला शंभर-सव्वाशे किलोमीटरवर, भीमेकाठी दौंडला, कसाबसा पाचशेच्या आसपास. आणि तोही आषाढात कमी, भाद्रपदात जास्त. परतीच्या पावसावर आपला जीव. सप्टेंबरच्या अखेरीस हस्त नक्षत्र लागते. त्या 'हत्ती'च्या पावसाची वाट शेतकरी पाहतो आणि मुली पाटावर हत्ती काढून त्याच्याभोवती भोंडल्याचा फेर धरतात. याच सुमारास बाजरी काढणीला येते आणि त्याच ओलीवर रब्बीची ज्वारी पेरायची असते. नवरात्राचा घट पाहा. पत्रावळीवर शेतातली काळी माती, तीत धान्य, वर पाण्याचा घट. नऊ दिवसांत जे अंकुर येतात ते दसऱ्याला देवाला वाहायचे आणि टोपीत खोवायचे. पेरणीच्या तोंडावर घरोघर बियाणे उगवून पाहण्याचा याहून सोपा उपाय कोणता? तो कोणी एवढ्याचसाठी काढला असे मी म्हणत नाही. पण रब्बीच्या पेरणीशी त्याची गाठ पडते, ती उगाच पडत नाही.

मग याच दिवसांत यात्रा भरतात. दौंड तालुक्यात कुरकुंभच्या टेकडीवर फिरंगाई देवीची नवरात्रातली गर्दी आपणांस ठाऊकच आहे. शेजारी पुरंदर तालुक्यात जेजुरीला दसऱ्याच्या रात्री खुद्द देवच सीमोल्लंघनाला निघतो. खंडोबाची पालखी गड उतरते, कडेपठारच्या देवाची पालखी डोंगरावरून येते, आणि मध्यरात्रीनंतर डोंगराच्या कुशीत दोघांची भेट होते. दुसऱ्या दिवशी सकाळी गडावर सुमारे ४२ किलो वजनाचा खंडा तोलून धरण्याची चढाओढ लागते. हा खंडोबा धनगरांचाही देव. त्याची बाणाई धनगरांची लेक. आणि धनगर म्हटला की शरदातल्या प्रवासाची आपल्या मुलखातली सर्वांत जुनी गोष्ट समोर येते.

बारामती, दौंड, शिरूर, पारनेर या पट्ट्यातल्या माळांवर पावसाळ्यात गवत असते. दिवाळीपर्यंत ते सरत येते. मग धनगरांचे वाडे हलतात. वाडा म्हणजे इथे घर नव्हे. चार-सहा बिऱ्हाडे आणि त्यांची मेंढरे मिळून वाडा होतो. घोड्यावर संसार लादलेला, वर कोंबड्या आणि चालू न शकणारी कोकरे बांधलेली, पुढे बायामाणसे, मागे कळप. कोणी माळशेजने, कोणी वरंध घाटाने कोकणात उतरतात. तिथे तेव्हा भात कापून झालेले असते. रिकाम्या खाचरात मेंढरे रात्री बसवायची, सकाळी हलवायची. खाचराला लेंडीखत मिळते, मेंढराला चारा-पाणी आणि धनगराला धान्य किंवा पैसा. मृगाच्या आधी मात्र परत घाट चढायचा, कारण कोकणातला पाऊस दख्खनी मेंढराला मानवत नाही. सततच्या ओलीने त्याचे खूर सडतात. म्हणजे एक मुलूख आपले गवत संपले म्हणून पाहुणे पाठवतो, आणि दुसरा आपल्याला खत हवे म्हणून त्यांना बसवून घेतो. या वाटचालीचा, धनगरांच्या देवांचा आणि ओव्यांचा अभ्यास करायला जर्मनीतल्या हायडेलबर्ग विद्यापीठातून गुंथर सोंथायमर नावाचे पंडित महाराष्ट्रात आले आणि वर्षानुवर्षे वाड्यांबरोबर हिंडले. बिरोबा, म्हस्कोबा आणि खंडोबा या देवांवरचा त्यांचा जर्मन ग्रंथ १९७६ साली निघाला.

आता त्याच जर्मनीच्या दक्षिणेला, आल्प्स पर्वताकडे चला. तिथली तऱ्हा दिसायला उलटी, पण हिशेब तोच. बव्हेरिया, ऑस्ट्रियाचे टिरोल, स्वित्झर्लंड या भागांत उन्हाळ्याच्या सुरुवातीला गायी डोंगरावरच्या कुरणांत चढवतात. तीन-चार महिने गुराखी वरच राहतो, तिथेच दुधाचे चीज करतो. सप्टेंबरात वरचे गवत सरते, हिम पडण्याची भीती लागते, आणि गायी खाली आणतात. सप्टेंबरच्या मध्यापासून ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यापर्यंत गावोगाव हा सोहळा चालतो. गायींच्या डोक्यावर फुलांचे आणि पाल्याचे मुकुट, गळ्यात मोठमोठ्या घंटा. गावकरी रस्त्याच्या दुतर्फा उभे. आपल्या बैलपोळ्याची आठवण यावी असा थाट. आणि एक रीत फार बोलकी आहे. त्या उन्हाळ्यात डोंगरावर एखादे जनावर दगावले, किंवा मालकाच्या घरी मृत्यू झाला, तर पुष्कळ ठिकाणी त्या वर्षी गायी सजवत नाहीत, मुकाट्याने उतरवतात. तेव्हा तुम्हांला सजवलेला कळप दिसला, तर समजा की त्या घरचा उन्हाळा सुखरूप गेला.

या कळपांच्या मुलखाजवळच म्युनिक शहर आहे, आणि तिथला ऑक्टोबर महोत्सव जगभर माहीत आहे. बिअरचे प्रचंड तंबू एवढीच त्याची कीर्ती आपल्याकडे पोहोचली. त्याची सुरुवात झाली १८१० च्या ऑक्टोबरात, बव्हेरियाच्या युवराजाच्या लग्नानिमित्त लावलेल्या घोड्यांच्या शर्यतीने. पुढल्याच वर्षी तिला शेतीचे प्रदर्शन जोडले गेले. म्हणजे आपल्या जत्रेतला बैलबाजार आणि कृषिप्रदर्शन यांच्या जातीचीच ही गोष्ट. नावात ऑक्टोबर असला तरी थंडी टाळण्यासाठी तो आता सप्टेंबरच्या मध्यावर सुरू होऊन ऑक्टोबरच्या आरंभी संपतो. नावावर विसंबून ऑक्टोबरअखेरचे तिकीट काढाल, तर रिकामे मैदान पाहून याल.

फ्रान्समध्ये आणि इटलीत हे दिवस द्राक्षांच्या तोडणीचे. पॅरिसमध्ये माँमार्त्रच्या टेकडीवर शहराच्या ऐन मध्यात एक छोटा द्राक्षमळा राखून ठेवला आहे, आणि तिथे १९३४ पासून ऑक्टोबरात तोडणीचा उत्सव होतो. आपल्याकडच्या द्राक्षबागाईतदाराला याची गंमत वाटेल, कारण त्याच्याकडे हे दिवस छाटणीचे! 'ऑक्टोबर छाटणी' हा शब्दच आपल्याकडे रूढ आहे. आपला घड तयार होतो तो उन्हाळ्याच्या तोंडावर. वेल तीच, पण ऋतू बदलला की कामाचे वेळापत्रक बदलते आणि सणही बदलतो. इंग्लंडात पीक घरी आल्याचे आभार मानण्याचा सण चर्चमधून होतो. त्याचे आजचे रूप कॉर्नवॉलमधल्या मॉर्वेन्स्टो गावच्या रॉबर्ट हॉकर या धर्मोपदेशकाने १८४३ साली घालून दिले. भाकरी, भोपळे, सफरचंदे देवापुढे मांडतात. पुढे ११ नोव्हेंबरला संत मार्टिनचा दिवस येतो. मुले कंदील घेऊन मिरवतात, मोठी माणसे नवी वाइन चाखतात. तिथून पुढे थंडी दार लावून घेते.

जाणाऱ्यांनी एवढे ध्यानात ठेवावे. आपण 'ऑटम'ला शरद म्हणतो खरे, पण आपल्या शरदात झाडे हिरवी असतात आणि ऊन चटके देते. तिकडे पाने पिवळी-तांबडी होऊन गळतात. आपली पानगळ शिशिरातली. ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी तिकडची घड्याळे एक तास मागे घेतात, आणि म्युनिकला पाचच्या सुमारास दिवस मावळतो. गायी पाहायच्या असतील तर सप्टेंबर, द्राक्षाचा उत्सव पाहायचा असेल तर ऑक्टोबर, कंदील पाहायचे असतील तर नोव्हेंबर. दिवाळीच्या सुट्टीत सगळे एकदम साधणार नाही.

आता ज्यासाठी हा विषय मी घेतला, तिकडे वळतो. स्पेन देशात मेंढरांची अशीच मोठी वाटचाल आहे : उन्हाळा उत्तरेच्या डोंगरांत, हिवाळा दक्षिणेच्या सपाट कुरणांत. तिथल्या राजाने १२७३ साली मेंढपाळांच्या संघाला सनद दिली आणि मेंढरांच्या वाटा राखल्या. मोठ्या वाटेची रुंदी ठरवून दिली. आजच्या मापाने सुमारे पाऊणशे मीटर. पुढे रेल्वे आली, मोटारी आल्या, वाटांवर शेते आणि घरे चढली. तेव्हा मेंढपाळांनी काय केले? १९९४ पासून ते ऑक्टोबरात हजारभर मेंढ्या घेऊन माद्रिद राजधानीच्या भर रस्त्यातून जाऊ लागले. १४१८ सालच्या एका करारान्वये हजार मेंढ्यांमागे पन्नास नाणी भरली की जाण्याचा हक्क होता. ती नाणी आजही नगरपालिकेत मोजून देतात. त्या दिवशी वाहने थांबतात आणि मुले मेंढ्या पाहायला येतात. १९९५ साली स्पेनने या वाटांसाठी कायदा केला. सुमारे सव्वा लाख किलोमीटर लांबीच्या या वाटा सार्वजनिक मालमत्ता ठरल्या. त्या विकता येत नाहीत, बळकावता येत नाहीत. जनावरांच्या या हंगामी वाटचालीला २०१९ साली युनेस्कोने मानवजातीच्या वारशात स्थान दिले, आणि २०२३ साली ती नोंद दहा देशांच्या नावे झाली.

आपल्याकडे काय आहे? २००६ च्या वनहक्क कायद्याने वनजमिनीवरील भटक्या पशुपालकांच्या हंगामी चराईचा हक्क मानला आहे. परंतु जंगल सोडून जी वाट शिवारांतून आणि रस्त्यांवरून जाते, तिला महाराष्ट्रात स्पेनसारखा स्वतंत्र कायदा नाही, ठरवून दिलेली रुंदी नाही. माळ बागाईत झाले, ऊस आला. ते चांगलेच झाले, पण गायराने आक्रसली. उरला डांबरी रस्ता. शिरूर तालुक्यातून पुणे-अहिल्यानगरचा आणि दौंड तालुक्यातून पुणे-सोलापूरचा हमरस्ता जातो. दिवाळीच्या सुट्टीत याच रस्त्यांवर शरदातले दोन प्रवासी समोरासमोर येतात : एक मोटारीतून हौसेने निघालेला, दुसरा मेंढरे घेऊन पोटासाठी निघालेला. पहिला हॉर्न वाजवतो, कळप बिथरतो, आणि कधी एखादे कोकरू चाकाखाली जाते. तोच पहिला प्रवासी टिरोलमध्ये गायींसाठी अर्धा तास रस्त्याच्या कडेला उभा राहतो आणि छायाचित्रे काढतो!

मी युरोपची थोरवी सांगत नाही. तिकडेही चालत जाणारे कळप थोडे उरले. पुष्कळ जनावरे आता मोटारीने नेतात, आणि काही सोहळे निव्वळ पाहुण्यांसाठी मांडलेले असतात. सण उरतो आणि काम जाते, हा धोका त्यांनाही आहे. आपल्याकडे अजून उलट आहे : काम जिवंत आहे, पण त्याला सणाचा मान नाही. हा मान द्यायला युनेस्कोची वाट पाहायला नको. कळप दिसला की गाडी हळू करावी, इंजिन बंद करून दोन मिनिटे थांबावे, हॉर्न वाजवू नये. ग्रामपंचायतींनी वाड्यांच्या नेहमीच्या तळांवर पाण्याची सोय ठेवावी आणि जुनी वाट गायरानातून जात असेल तर ती मोजून कागदावर घ्यावी. शाळा-कॉलेजांतल्या मुलांनी आपल्या गावावरून वाडे कधी जातात, कोठे उतरतात, एवढे जरी विचारून टिपून ठेवले, तरी उद्या कोणी कायदा करू म्हणाला, तर हाताशी नकाशा असेल.

युरोपला अवश्य जावे, पुष्कळ पाहावे. पण जाण्यापूर्वी दिवाळीच्या पाठोपाठ एखाद्या पहाटे कुरकुंभच्या किंवा शिरूरच्या बाजूला रस्त्याकडेला उभे राहावे. मेंढरांच्या मागे चालणाऱ्या माणसाला 'कोणीकडे निघालात, मामा?' एवढे विचारावे. तो जे सांगेल, त्यात शरद ऋतूचा सगळा अर्थ आला.